गणिताचा तास आणि रोजची एक घटका

मंडळी, दुपारच्या सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताचा असला, म्हणजे वर्गाला कशी अवकळा येते, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी अनुभवले आहे. फळ्यावर एक हौद काढलेला असतो. त्याला दोन नळ भरत असतात आणि तिसरा रिकामा करत असतो. पुढच्या बाकावरची चार मुले पेन्सिली सरसावून बसलेली असतात आणि मागच्या बाकावरचा गडी खिडकीतून लिंबावरचे कावळे मोजत असतो. त्याचे मोजणे चाललेले असते, पण गणित मात्र थांबलेले असते.

अशाच एका मागे पडलेल्या विद्यार्थ्याची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे. तो विद्यार्थी आपल्या भागातला आहे आणि त्याचे नाव तुम्हांला ठाऊकही आहे. परंतु तो गणितात अडला होता, एवढी गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते.

वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे त्याचे गाव. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आजोळी कुंभोजला. वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मुलाची प्राथमिक शाळाही दहिवडी, विटा अशी बदलत गेली. आज दहिवडी सातारा जिल्ह्यात आणि विटे सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या काळी सगळा मुलूख सातारचाच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. असो. पुढे हा मुलगा इंग्रजी शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात गेला. अंगाने धिप्पाड, पोहण्यात आणि कुस्तीत तरबेज, स्वभावाने मानी. अभ्यासाची गाडी मात्र इंग्रजी सहावीपाशी येऊन रुतली आणि रुतली ती गणितात.

आता यापुढची हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सांगणाऱ्यागणिक शब्द इकडेतिकडे होतात, मतितार्थ तोच राहतो. छत्रपती शाहू महाराजांचा या मुलावर लोभ होता. त्यांनी शाळेत शब्द टाकला की, याला वरच्या वर्गात घाला. त्यावर मास्तर म्हणाले की, महाराज, हा ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर मी वरच्या वर्गात नेऊन ठेवतो, पण याला काही घालता यायचे नाही!

ऐकणारे हसतात आणि पुढे जातात. शिक्षक बंधुभगिनींनो, आपण मात्र इथे जरा थांबू या. दस्तुरखुद्द राजाने सांगितले असता 'नाही' म्हणणारा मास्तर. त्याच्या सचोटीला कोण नावे ठेवील? ज्याला गणित येत नाही त्याला 'येते' असे म्हणणे, ही त्या मुलाचीच फसवणूक होती. परंतु या गोष्टीला दुसरीही एक बाजू आहे. त्या 'नाही'च्या पुढे शाळेपाशी काहीच नव्हते. 'आज येत नाही, तर मग उद्या कसे येईल?' हा प्रश्न त्या व्यवस्थेत कोणी विचारला नाही. बाक जागेवर राहिला, मुलगा शाळेबाहेर गेला आणि त्याचे शालेय शिक्षण तिथेच संपले.

तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, आपले कर्मवीर अण्णा.

गणितात नापास झाला म्हणून एखाद्याचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्या काळच्या रयतेला विचारा, काय बिघडत होते ते. तेव्हाचा रुपया १६ आण्यांचा, आणा ४ पैशांचा, म्हणजे रुपयाचे पैसे ६४. सावकार म्हणायचा, "पाटील, रुपयामागे महिन्याला एकच पैसा व्याज. एका पैशाचं काय एवढं?" ऐकायला किती गोड! आता हिशोब करा. १०० रुपयांवर महिन्याला १०० पैसे. बारा महिन्यांचे १२०० पैसे. त्याला ६४ ने भागा. वर्षाचे व्याज झाले १८ रुपये १२ आणे, म्हणजे शेकडा पावणेएकोणीस! ज्याला हा भागाकार येत होता तो वहीवर अंगठा उठवण्यापूर्वी दोनदा विचार करी. ज्याला येत नव्हता त्याची जमीन वहीत जाई.

बरे, आपल्या लोकांना गणिताचे वावडे होते, असेही नव्हे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर अंक गिरवीत आणि संध्याकाळी ओळीने उभी राहून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी परवचा म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलाला तो कागदावर मांडावा लागेल, त्या वेळी तो जिभेवर होता. यात मर्म कोणते होते? ते दिवेलागणीच्या त्या ठरलेल्या वेळेत होते. रोज दिवा लागला की परवचा, यात खंड नाही. मात्र त्या ओळीत रयतेची मुले फार थोडी उभी असत. दिवेलागणीला शेतकऱ्याचा पोर गोठ्यात असे, धनगराचा पोर मेंढरांमागे असे आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या मुलांना तर पंतोजींच्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. त्यांच्याकडे बुद्धी होती. नव्हती ती जागा आणि नव्हता तो वेळ.

भाऊरावांनी नेमके हेच हेरले. दुधगावच्या मंडळींबरोबर १९१० च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात हात घातला. मध्यंतरी पोटासाठी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. हिंडता हिंडता रयतेचे घर त्यांनी आतून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले: श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. पाहा हं, ज्या महाराजांचा शब्द त्या दिवशी कोल्हापुरात चालला नव्हता, त्यांचेच नाव भाऊरावांनी आपल्या बोर्डिंगला दिले.

या बोर्डिंगात मुलाला काय मिळत होते? भाकरी मिळत होती, आणि ती भाकरी पुरवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील दिले, हे आपण जाणतोच. एका पंक्तीत जेवायला मिळत होते, ही त्याहून मोठी गोष्ट. परंतु मला आज तिसरी गोष्ट सांगायची आहे. तिथे मुलाला आखलेला दिवस मिळत होता. काम करायचे, स्वयंपाकाला हात लावायचा, पाणी भरायचे, जमीन खणायची, आणि त्याच दिवसात अभ्यासही करायचा. काम आधी की अभ्यास आधी, असा वादच तिथे नव्हता. दोघांची वेळ ठरलेली आणि दोघांचा मान सारखा. घरी ज्या मुलाचा दिवस कामाने गिळून टाकला असता, त्याच मुलाला इथे काम करूनही अभ्यासाला जागा उरत होती. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद आपण भिंतीवर वाचतो. त्या ब्रीदात कष्टाचा मान जसा आहे, तसा वेळेचा हिशोबही आहे.

पुढे १९३५ मध्ये साताऱ्यास शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. 'कमवा आणि शिका' हा शब्द सातारच्या माळावरून साऱ्या महाराष्ट्रात गेला. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने अण्णांना डी. लिट्. ही पदवी दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. इंग्रजी सहावीत अडलेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर म्हटले! पण मंडळी, यावरून 'गणित नाही आले तरी चालते' असा धडा काढू नका. अण्णांनी तो काढला नव्हता. त्यांनी परीक्षा सोपी करा म्हटले नाही. परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट त्यांनी बांधली.

हे सगळे मला एका मुलाने शिकवले. त्याचे नाव मी सांगणार नाही, शाळेचेही नाही.

१९७२ चा दुष्काळ. मी नोकरीला नवा होतो, दुष्काळी तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवीत होतो. विहिरी आटलेल्या, गुरे छावणीत, गावची गावे खडी फोडायला गेलेली. सहामाही परीक्षेत आठवीतल्या एका मुलाला गणितात १०० पैकी ११ गुण पडले. दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावरून बाप तसाच शाळेत आला. अंगावर धूळ, डोक्याला फडके.

"गुरुजी, ह्येच्या टकुऱ्यात गणित शिरत न्हाई, तर कशाला साळंत घालायचा? ह्याला काढतो. शेरडं तरी राखंल."

मी तोऱ्यात होतो. म्हणालो, "अहो, मी काय करू? दर शनिवारी चाळीस गणिते घालून देतो. एकही करून आणत नाही."

बाप गप्प झाला. मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "गुरुजी, कवा करू?"

मला राग आला. म्हटले, सांग बघू तुझा दिवस. तो सांगू लागला आणि मी फळ्यावर मांडू लागलो. आपल्या जुन्या मोजणीत दिवसरात्रीच्या ६० घटका. एक घटका २४ मिनिटांची. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तांब्याचे घटिकापात्र सोडतात, ते बुडाले की घटका भरली. या मुलाची झोप २० घटका. वाडीपासून शाळा, शाळा सुटून वाडी, त्यात २० घटका. आईबाप कामावर, तेव्हा पाण्याच्या खेपा याच्याकडे, त्यात ५. शेरडांमागे ५. चूल आणि धाकटी भावंडे, त्यात आणखी ५. एकूण ५५. उरल्या पाच, त्या रात्रीच्या, आणि घरात रॉकेल नाही.

फळ्यावरचा तो हिशोब पाहून मला माझीच लाज वाटली. मी वर्गाला काळ-काम-वेगाची गणिते घालीत होतो. त्या मुलाच्या काळाचे आणि कामाचे गणित मात्र मी कधी मांडले नव्हते. चाळीस गणिते शनिवारी! त्याच्या शनिवारी चाळीस मिनिटेही मोकळी नव्हती. बाक वरच्या वर्गात न्यायला निघालेले मास्तर मला तेव्हा आठवले आणि मनात आले, आपण तरी काय वेगळे करतो आहोत?

मग आम्ही तिघांनी मिळून एक घटका शोधली. बापानेच ती दाखवली. विहिरीच्या तळाशी झरा पाझरायचा, घागर भरायला उशीर लागायचा, म्हणून बाया-पोरे नंबर लावून बसायची. तेवढ्या वेळात मुलगा मोकळा असे. बाप म्हणाला, "तिथं बसून करंल की." पाटी आणि पेन्सिल विहिरीवर गेली.

गणितेही मी चाळीसची तीन केली. पहिले कालचेच, जे काल सुटले होते. दुसरे आजचे, वर्गात शिकवलेले. तिसरे न सुटलेल्यांतले एक. अशा गणिताच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवायचा आणि ते सुटेपर्यंत कोपरा उलगडायचा नाही. पहिले गणित हाताला धीर देते, दुसरे पुढे नेते आणि तिसरे चिकाटी शिकवते. घटका संपली की पाटी खाली. सुटले नाही तरी खाली. उद्या पुन्हा.

तुम्हांला वाटेल, एका घटकेने काय होते? चला, मांडू. शाळेचे वर्ष २०० दिवसांचे धरू. २४ गुणिले २०० म्हणजे ४८०० मिनिटे. त्याचे तास झाले ८०. विहिरीच्या काठावर, घागर भरेपर्यंत, ८० तासांचा अभ्यास! शिवाय सलग तीन तास बसून केलेले गणित आणि रोज थोडे केलेले गणित यांत फरक आहे, तो शेतकऱ्याला मी काय सांगावा? महिनाभराचे पाणी एका दिवशी पाटाने सोडले, तर पीक कुजते. पाळी धरून दिले, तर तेच पाणी मुळांना लागते. रानाला वाफसा यावा लागतो, तसा डोक्यालाही यावा लागतो. काल अडलेले गणित रात्रभर मनात मुरते आणि उद्या कधी कधी आपणहून उलगडते.

पहिला महिना काहीही फरक दिसला नाही. दुमडलेल्या कोपऱ्यांनी वही फुगली. मुलगा एकदा म्हणालाही, "गुरुजी, नगं आता." मी म्हटले, "आजची घटका तर भर." एवढेच. माघात एक कोपरा उलगडला, मग दोन, मग आठवड्याला तीन. वार्षिक परीक्षेत त्याला ३६ गुण मिळाले. चमत्कार म्हणावा, असे काही त्यात नाही. पुढे एस. एस. सी. ला तो गणितातच एकदा राहिला, पुन्हा बसला आणि सुटला. आज त्याची डाळिंबाची बाग आहे आणि ठिबकाचे पाणी, खताची मात्रा, बँकेचे व्याज यांचा हिशोब तो स्वतः ठेवतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, घटका अजून भरतोय. आता नातीसंगं."

शिक्षक मित्रहो, तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला एकदा त्याचा दिवस विचारा. मुलींना तर आवर्जून विचारा. घरकामाने त्यांच्या घटका जास्त खाल्लेल्या असतात. आणि आईबापांनो, मुलाला घड्याळ घेऊन देता येईल न येईल, मोबाईल असेल नसेल, पण त्याची एक घटका राखून ठेवा. त्या वेळात त्याला हाक मारू नका. दुकानाला पाठवू नका. पाहुणा आला तरी उठवू नका.

जाता जाता मुलांसाठी एक गंमत सांगतो. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. आकड्यांचा त्यांना भारी नाद. त्यांनी १९४९ मध्ये एक गोष्ट जगापुढे मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य लावा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचता.

आपण अण्णांचे जन्मवर्ष घेऊ, १८८७. ८८७१ वजा १७८८, उत्तर ७०८३. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. तीन पायऱ्यांत पोहोचलो.

आता रयत शिक्षण संस्थेचे वर्ष घ्या, १९१९. ते मी करून दाखवत नाही. त्याला सहा पायऱ्या लागतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर वाटेल की, वाट चुकली. चुकलेली नसते, फक्त वजाबाकी बरोबर हवी आणि मध्येच पाटी खाली ठेवायची नाही. काही संख्या तीन पायऱ्यांत पोहोचतात, काहींना सहा लागतात. मुलांचेही तसेच आहे, गुरुजी. ज्याला सहा लागतात त्याला तिसऱ्या पायरीवर नापास म्हणून घरी पाठवू नका.

आज दिवेलागणीला पाटी घ्या, १९१९ मांडा आणि करून पाहा. एका घटकेत सहज होईल.